डाव्या हाताचा अंगठा

नोकरीत हाताळलेले बरेच गुन्हे आता माझ्या लक्षात नाहीत. माणसांचे चेहरेही एकमेकांत मिसळून गेलेत. ही एक घटना मात्र काल घडल्यासारखी आठवते, आणि आठवली की पहिला राग स्वतःचाच येतो.

साठच्या दशकाची अखेर. धुळे जिल्ह्यात आग्रा रोडलगतच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. खात्यात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, त्यामुळे कायदा आपल्याला पाठ आहे असा माझा समज होता. कपाशीचा हंगाम जोरात होता. हद्दीत कपाशीतली सरकी काढणारा एक जिनिंग कारखाना होता आणि आजूबाजूच्या खेड्यांतले गडी-बाया तिथे कामाला येत.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी टेबलाशी बसतो न बसतो तोच त्या कारखान्याचे दिवाणजी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत कागदांची पिशवी. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. फिर्याद ते घरूनच लिहून घेऊन आले होते. काल साप्ताहिक सुट्टीमुळे कारखाना बंद होता. दुपारी एक कामगार मागचा पत्रा वाकवून आत शिरला आणि यंत्राचा चामडी पट्टा कापून न्यायला लागला. नेमकं तेव्हाच दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघत होते. पट्टा फिरला आणि त्याचा हात आत गेला. शेठने माणुसकीने त्याला स्वतःच्या गाडीतून धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं.

चामडी पट्ट्यांच्या चोऱ्या त्या काळी व्हायच्या, चपलांना ते चामडं चांगलं लागे. मी फिर्याद दाखल करून घेतली, गुन्ह्याला नंबर दिला आणि जमादारांना घेऊन पंचनाम्याला गेलो. वाकवलेला पत्रा होता, रक्त होतं, अर्धवट कापलेला पट्टा होता. खांबाच्या खुंटीला फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या. त्याही मी पंचनाम्यात लिहिल्या आणि खाली सही केली. डोकं मात्र वापरलं नाही.

दुपारी दवाखान्यात गेलो. पंचविशीचा, काटक बांध्याचा गडी. डावा हात डॉक्टरांना कोपराखालून काढावा लागला होता. मी जरबेने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कारखान्यात काय करत होतास?"

तो म्हणाला, "काम करी ऱ्हायनू व्हतू, साहेब. बठ्ठाच व्हतात. भाकर बांधीसन कोनी चोरी कराले जास का?"

त्या दिवशी सगळेच कामावर होते, असा त्याचा जबाब मी लिहून घेतला. आरोपी असंच बोलतात, अशी मनाची समजूत घातली. पण त्या दोन भाकरी काही डोक्यातून जाईनात.

इथे कायदा थोडक्यात सांगायला हवा. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर मालकाने कामगाराला नुकसानभरपाई द्यायची, असा कायदा तेव्हाही होता. मालक देत नसेल तर धुळ्याला त्यासाठी नेमलेल्या न्यायाधीशांपुढे अर्ज करायचा. म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबत होतं: हात गेला तेव्हा हा माणूस कामावर होता की नव्हता? सुट्टीच्या दिवशी हजेरीपट भरलेला नव्हता. कागदावर कारखाना बंद आणि त्याच्या नावावर चोरीचा गुन्हा. एका हाताने कुठला गडी कपाशीच्या गोण्या उचलणार? भरपाई हाच त्याचा पुढचा जन्मभराचा आधार होता. एका भल्या वकिलाने त्याचा अर्ज फुकट लिहून दिला होता.

खबर मिळाली ती आमच्या न्हाव्याकडून. तो आठवड्यातून दोनदा ठाण्यात येऊन सगळ्यांच्या दाढ्या करी. माझ्या गालाला साबण लावता लावता म्हणाला, "साहेब, सुट्टीना दिन जिनना गडी मनाकडे दाढी कराले येतस. त्या दिन सांजले उनात, ते भुवयासवर रुई व्हती."

"मग?"

"आंग धुईसन बी जास नही ती रुई. काम कयं व्हई तवयच बसस."

मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो नाही, पण रुई म्हणजे त्या दिवशी कारखाना चालू होता, हे कळल्यावर पुढचं त्याचं बोलणंही ऐकलं नाही. त्याच दिवशी साध्या कपड्यांत गावात गेलो. रुई निवडणारी एक बाई ओट्यावर धान्य पाखडत होती. आधी ती बोलेना. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "भोंगा वाजना नही. मुकादम घरोघर उना आनि बठ्ठासले बलाई लई गया. आभाय उनं व्हतं ना, कपाशी उघडावर व्हती."

मी खिशातून वही काढली तशी ती उठून उभी राहिली. "लिखू नका, साहेब. लिखशात ते मी सांगसू, मी काही बोलनूच नही."

मुकादम त्याच गल्लीत राहत होता, तिची रोजी त्याच्या हातात होती. मी वही परत खिशात घातली. माणसं पोलिसाला घाबरतात असं लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. रोजी देणाऱ्यासमोर पोलीस म्हणजे किस झाड की पत्ती.

चार-पाच दिवसांनी दिवाणजी पुन्हा आले. या वेळी चेहऱ्यावर समाधान होतं. "साहेब, प्रकरण मिटलं म्हणा. त्याने स्वतःच लिहून दिलंय. शेठचं मन मोठं, ते फिर्याद पुढे रेटणार नाहीत."

कागद स्टॅम्पाचा होता. मजकूर असा: मी सुट्टीच्या दिवशी विनापरवानगी कारखान्यात शिरलो, माझ्याकडे कोणतंही काम नव्हतं, माझ्या चुकीने इजा झाली, माझी काही मागणी नाही. तारीख अपघातानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. शेवटी जांभळ्या शाईचा अंगठा आणि शेजारी वळणदार अक्षरात लिहिलेलं: निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग कागद टेबलावर ठेवून शांतपणे विचारलं, "अंगठा कुठे घेतला, दिवाणजी?"

"दवाखान्यात. खाटेवरच."

"तुमच्या समोर?"

"मीच तर शाई लावली."

"कुठल्या हाताला?"

दिवाणजींना माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. "डाव्या, साहेब. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. चाळीस वर्षं कागद लिहितोय."

"त्याचा कुठला हात कापलाय?"

दिवाणजींचा हात कागदाकडे गेला, कागद मी बाजूला ओढला. जमादारांनी न सांगताच दार लोटून घेतलं. दिवाणजींनी पाणी मागितलं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा घात केला होता. त्या दिवशी मला झालेला आनंद आज सांगायलाही लाज वाटते. मी फुशारून गेलो होतो. ठाणे डायरीत लांबलचक नोंद केली, खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा लावायचा असं वरिष्ठांना कळवूनही टाकलं. अंगठा कुणाचा ते मात्र दिवाणजी सांगेनात. "शेठना विचारा," एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या गड्याच्या बापाला जबाबासाठी बोलावलं. म्हातारा त्याच कारखान्यात गोण्या शिवायचा. मुलगा त्याला आबा म्हणायचा, मीही तसंच म्हटलं. जबाब साधाच होता, पाच ओळींचा. जमादारांनी शाईचं पॅड पुढे केलं, म्हाताऱ्याने सवयीने डावा अंगठा टेकवला. कागदावर उमटलेल्या ठशातून विळ्याच्या जुन्या जखमेची एक तिरपी रेघ आरपार गेली होती.

मी खणातून दिवाणजींचा कागद काढला. तीच रेघ होती.

"आबा, हा अंगठा तुमचा आहे?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. पायाच्या नखाने फरशी उकरत तो बोलला. "शेठनी सांगं, अंगठा दे, तुना पोरवरनी चोरीनी केस मिटी जाई. मी दी टाका. हात ते गयाच शे, साहेब. नाव तरी ऱ्हावाले पाहिजे. चोरना बाप म्हनीसन मी गावमा कसा फिरू?"

शेठने त्याला पैशाने फोडलं नव्हतं, मारलं नव्हतं, धमकीसुद्धा वेगळी दिली नव्हती. माझ्या रजिस्टरमधला एक नंबर त्याला दाखवला होता. तो नंबर मी दिला होता, खुर्ची आणि चहा देऊन.

यातून वाट काढायची मी धडपड केली. सरकारी वकील म्हणाले, दस्तऐवज खोटा ठरला की अंगठा देणारा आरोपी होणारच. त्याला माफीचा साक्षीदार करता येईल, पण त्याने कोर्टात उभं राहून शेठविरुद्ध सांगायला हवं. म्हातारा त्याला तयार होईना, त्याची रोजीही शेठकडेच होती. मी दवाखान्यात जाऊन मुलाला सगळं समजावलं. हा कागद खोटा ठरला तर तुझी भरपाई नक्की, म्हटलं. त्याने एकच विचारलं, "आबाले जेलमा टाकीसन मना हात येई का, साहेब?"

सुनावणीच्या दिवशी मी धुळ्याला गेलो. साक्षीला मला कोणी बोलावलं नव्हतं, मागच्या बाकावर बसलो. मालकाच्या वकिलाने ठाण्यातून मागवलेला तो कागद पोराला दाखवला. हा अंगठा तुझा? तो म्हणाला, हो. इथे डावा लिहिलंय. तो म्हणाला, उजवा दिला होता, लिहिणाऱ्याची चूक झाली असेल. दिवाणजी साक्षीला उभे होते, त्यांनी लगेच मान्य केलं की सवयीने डावा लिहिला गेला. त्याच्या स्वतःच्या वकिलाने कपाळाला हात लावला. म्हातारा दाराशी उभा होता, पोराकडे बघत नव्हता.

मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर तो कागद तिथेच मेला असता, आणि बाहेर पडता पडता मला म्हाताऱ्याला अटक करावी लागली असती. मी उठलो नाही. कामावर असल्याचा पुरावा नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. खोट्या दस्तऐवजाचा तपासही तिथेच संपला, कारण ज्याची फसवणूक झाली तोच अंगठा आपला म्हणत होता.

पुढे मी ठाणेदार झालो, तेव्हा नव्या फौजदारांना एक गोष्ट बजावून सांगायचो. एखादा गरीब माणूस रक्तबंबाळ होऊन पडला असेल आणि त्याच्याच विरुद्ध फिर्याद आधी तुमच्या टेबलावर आली, तर ती आणणाऱ्याला चहा पाजू नका. तो इतक्या सकाळी का आला, ते आधी बघा. आपण कुणाला मारलं नाही, लाच खाल्ली नाही, म्हणजे आपले हात स्वच्छ, असं मी समजत होतो. मालकाला मला लाच देण्याची गरजच नव्हती. त्याला माझी तत्परता पुरली.

राहता राहिला तो चोरीचा गुन्हा. निदान त्याच्या नावावरचा तो डाग तरी पुसावा म्हणून फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी पाठवला. कागद वरून परत आला. फिर्याद खोटी म्हणायची तर फिर्यादीवर कारवाई करावी लागेल, आणि आता आरोपीनेच विनापरवानगी शिरल्याचं कोर्टात कबूल केलंय, तेव्हा सुधारून पाठवा. दोन दिवस मी तो तसाच ठेवला. मग आमच्या खात्यात ज्याला 'क' समरी म्हणतात, ती लिहिली. त्या समरीचा अर्थ, गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही. म्हाताऱ्याने पोराचं नाव वाचावं म्हणून अंगठा दिला, पोराने बाप वाचावा म्हणून भरपाई सोडली, आणि सरकारदरबारी तो चोर होता की नव्हता, हे आजही ठरलेलं नाही. खाली सही माझी आहे.