तिरक्या आरशाचे मामा

वस्तरा वर उचलायचा, गिऱ्हाइकाचे दोन्ही हात गुडघ्यांवर दाबायचे आणि दटावायचं, "आधी दाढी, मग गप्पा!" खुर्चीतला ठार बहिरा, त्याला यातलं अक्षर ऐकू जात नसे. पण बारामतीचे आमचे न्हावीमामा बोलल्यावाचून राहतील कसे?

बहिऱ्याचं बोलणं हातांत असतं, म्हणून हात दिसायला हवेत. इतकी साधी गोष्ट शाळा-कचेऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही (यावर मी पत्रकही काढलं आहे). मामांनी मात्र बाकडं खुर्चीच्या मागे ठेवलं आणि आरसा असा तिरका टांगला, की खुर्चीतल्याला मागचे सगळे हात दिसावेत. मग बाजारच्या दिवशी काटेवाडीचा माळी, इंदापूरचा शिंपी असे पाच-सहा बहिरे तिथे जमू लागले. आपापल्या गावात हेच 'मुके', 'येडे'! इथे भांडणं, थट्टा, सोयरिकीसुद्धा. एकदा वादाच्या भरात शिंप्याची अर्धी मिशी गेली. "मिशी हालली, वस्तरा न्हाय," मामा म्हणाले.

अडचण एकच. ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या आरशात स्वतःचं तोंड दिसेना. शेवटी गाळ्याचे मालक येऊन गरजले, "आरसा सरळ करा, बाकडं काढा, न्हायतर गाळा सोडा!"

मी पेटलो. सभा! ठराव! निषेध! मामांनी मला खुर्चीत दाबून तोंडभर साबण फासला.

"पुढारी, जरा गप ऱ्हावा. सभंत ह्यांना काय ऐकू येनार हाय?"

"मग आरसा सरळ करणार?"

"आन् ह्यांनी काय भिताडासंगं बोलायचं?"

बाकड्यावरच्या शिंप्यानं मालकांचं नाचतं बोट पाहिलं होतं. तो उठला, हवेत एक उभी रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंना बोट दाखवलं: माझ्या दुकानातलं अर्धं तुझं.

मामांनी आरसा धोतरात गुंडाळला आणि इंदापूर गाठलं.

वाचकहो, त्या गाळ्यात आता सरळ आरशाचं सलून आहे. मी तिथे पाऊल टाकत नाही. माझ्या दाढीला घरचे कंटाळलेत.

कधी इंदापूरची मोटार सुटताना पाहा. ऐकणारे खिडकीतून ओरडून निरोप सांगतात आणि इंजिन तो गिळून टाकतं. मागच्या खिडकीतून काटेवाडीच्या माळ्याचे हात बाहेर येतात. खाली त्याची बायको उभी असते. तीही आता हातांनी भांडायला शिकली आहे. मोटार वळणाआड जाईपर्यंत ती त्याला एक शब्द चुकवू देत नाही.