याद्यांमधली रक्ततपासणी

रविवार, १७ नोव्हेंबर २००२. ठरलेली रक्कम : कार्यालयाचे आगाऊ एकवीस हजार, निम्मे निम्मे. हजर : आम्ही दोघं नवराबायको, बायकोचा थोरला भाऊ म्हणजे मुलीचा मामा, समोर मुलाचे आईवडील आणि काका. लेकीच्या लग्नाच्या याद्या करायला आम्ही कोथरूडला आमच्या घरी बसलो होतो. समोरची मंडळी मूळची अमरावतीकडची, आता हडपसरला स्थायिक. मुलगा आणि आमची लेक एकाच सॉफ्टवेअर कंपनीत, त्यामुळे पसंतीचा प्रश्न त्यांनी आम्हाला न विचारता निकाली काढला होता. आम्हाला फक्त खर्च वाटून घ्यायचा होता.

आहेराचं सहावं कलम लिहून झालं, तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. ट्रे ठेवून म्हणाली, "बाबा, सातवं मी सांगते. रक्ततपासणी."

कंपनीच्या आरोग्य तपासणीत तिचं हिमोग्लोबिन कमी आलं होतं. ते लहानपणापासूनच कमी. बायकोने त्यावर वर्षानुवर्षं बीट, खजूर आणि अळिवाच्या लाडवांचा मारा केला होता. या वेळी डॉक्टरांनी जरा खोलात जाऊन पाहिलं आणि थॅलेसेमिया मायनर निघाला. जनुकांच्या एका जोडीतलं एक सदोष. तिला स्वतःला त्याचा त्रास नाही. पण नवऱ्याचंही तसंच असेल, तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता अशी, की त्याला जन्मभर दुसऱ्यांचं रक्त चढवत राहावं लागेल.

"त्याचं तपासल्याशिवाय तारीख धरायची नाही," ती म्हणाली. "दोघांत निघालं तर लग्न करायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय."

चहाला कुणी हात लावेना.

"पण पत्रिका तर जुळली ना?" मुलाच्या आईने विचारलं.

"जुळली की. छत्तीसातले अठ्ठावीस गुण," मामा म्हणाला. "हे उरलेल्या आठांत असणार."

मी सातवं कलम लिहिलं : रक्ततपासणी, खर्च वधूपक्षाकडे.

मंडळी गेल्यावर बायकोला वेगळाच प्रश्न पडला : हे आलं कुणाकडून? "आमच्याकडे सगळे धडधाकट," ती म्हणाली. "तुमच्याकडच्यांचे चेहरे बघा, सगळे पिवळे." शक्यता दोन्हीकडून सारखीच आहे, असं मी म्हणालो. त्यावर मामाला माहेरची अब्रू आठवली. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघांनी रक्त दिलं. माझ्यात निघालं. पुढे दोन दिवस मामा रोज येऊन माझ्याकडे बघत चहा पीत होता. बायकोने मात्र बीट आणणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी मुलाच्या काकांचा फोन आला.

"तुमच्या मामांचं रक्त घेतलं म्हणे?"

"हो."

"आणि आमच्याकडून एकट्या पोराचं? बाप्पा! मामाला मान आहे आणि काकाला नाही?"

ते आमचं घरगुती भांडण होतं, असं मी समजावून पाहिलं. "भांडणं आमच्याकडेही आहेत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी लॅबसमोर सुमो थांबली आणि तीतून सात जण उतरले : मुलगा, आईवडील, काका-काकू, मुलाची बहीण आणि जावई. काकू जरीच्या साडीत. मुलाच्या आईने रक्त घेणाऱ्या बाईंना आधी हळदकुंकू लावलं, मग दंड पुढे केला. जावयांचं रक्त या घराण्याचं नाही, एवढं तरी मी सुचवलं.

"मग काय त्यांना गाडीतच बसवून ठेवू?" काकांनी विचारलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी निकाल सांगायला बोलावलं. प्रत्येकाला वेगळं सांगतो, असं ते म्हणाले. काका म्हणाले, "आमच्यात लपवाछपवी नाही. मोठ्याने वाचा. फक्त मानाप्रमाणे वाचा." त्यामुळे ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याचा कागद सगळ्यांत खाली गेला.

काका : सिकलसेलचे वाहक. हा आजार वेगळा, पण बिघाड त्याच जनुकातला, डॉक्टर म्हणाले. हा एकीकडून आणि थॅलेसेमिया दुसरीकडून आला, तरी मूल आजारीच. मग मुलाचे वडील : वाहक. म्हणजे मुलातही ते असण्याची शक्यता आता पन्नास टक्के. माझा गणितावर फार विश्वास आहे, पण त्या क्षणी ते मला येत नसतं तर बरं झालं असतं. लेक समोरच्या भिंतीकडे बघत होती. मुलाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मुलाची आई, काकू : काही नाही. जावई : काही नाही. बहीण : वाहक, पण जावयांत काही नाही, तेव्हा मुलांना या आजाराची भीती नाही.

"बघा," काका मला म्हणाले. "म्हणून आणले होते."

मग शेवटचा कागद. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, निदान मला तसं वाटलं.

"नॉर्मल."

मुलाची आई पदराने डोळे पुसू लागली. लेक उठून बाहेर गेली; मागोमाग तो गेला. त्यांना हाक मारू नये, एवढं काकांनाही कळलं.

काउंटरवर सात जणांचे, प्रत्येकी साडेचारशेप्रमाणे, तीन हजार एकशे पन्नास झाले. कलमाप्रमाणे ते माझ्याकडे होते. मी पाकीट काढलं, तसा मुलाच्या वडिलांनी माझा हात धरला. "अहो, मुलाचे तुम्ही द्या. मान आमचा, तर त्याचे पैसेही आमचे." जावयांनी खिशात हात घातल्याबरोबर काकू ओरडल्या. लॅबला मी साडेचारशे दिले. उरलेले सत्तावीसशे काकांनी.