चूक गाडीची नव्हती

रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावातल्या इंडियन ग्रोसरीबाहेर मी पिशव्या डिकीत टाकल्या, स्टिअरिंगसमोर बसलो आणि बायकोला म्हणालो, "बेल्ट लाव. आणि आता कोथिंबीर राहिली म्हणू नकोस."

"हू आर यू?" शेजारून आवाज आला.

एक अनोळखी आजी मांडीवर केळी घेऊन बसल्या होत्या. गाडी आमच्या गाडीसारखीच चंदेरी, पण त्यांच्या मुलाची. मी सॉरी, सॉरी करत उतरलो. डिकीतल्या पिशव्यांची आठवणही त्यांनीच करून दिली.

एकदा कुणाचंही होईल. पण पुढच्याच शनिवारी मी पुन्हा परक्या गाडीचं दार उघडलं, आणि या वेळी आत कुत्रा होता. जन्मभर गाड्यांची दारं डिझाइन केलेला मी माणूस! तीन गाड्या पलीकडे बायको हाताची घडी घालून बघत होती. तिने सोमवारचीच अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टर म्हणजे आमच्या मित्राची मुलगी, इथेच वाढलेली. तिने टेस्ट घेतल्या, एमआरआय काढला आणि स्क्रीनवर माझा मेंदू दाखवला.

"काका, काळजीचं काही नाही. हा हिप्पोकॅम्पस, गाडी कुठे लावली ते हा लक्षात ठेवतो. आणि हा पुढचा भाग, चुकलं की 'राँग!' म्हणून ओरडतो. वयाने दोघं जरा स्लो होतात. पहिल्यांदा चुकलात तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हल्ली सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात."

"म्हणजे चूक गाडीची! मग ब्रेन शिकणार काय? यापुढे लगेच मोठ्याने म्हणायचं, मी चुकलो. आणि बरोबर काय, तेही."

बायकोने ते फोनमध्ये टाइप करून घेतलं.

मंगळवारी सकाळी मी रिसायकलिंगचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. तो गुरुवारी न्यायचा असतो. ड्राइव्हवेवर उभा राहून मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मी चुकलो. डबा गुरुवारी."

गराजच्या दारात बायको चहाचा कप घेऊन उभी होती.

"अहो, पुन्हा म्हणा."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पण लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं." तिने नागपूरला बहिणीला फोन लावला, स्पीकर ऑन केला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

मी म्हणालो. पलीकडे दोन माणसं हसत होती, साडूही असावेत.

डबा तेव्हापासून गुरुवारीच जातो.