न उतरणारा लाल

गंगापूरची माझी वच्छलाआत्या नवरदेवाच्या कपाळावर बांधायची कागदी बाशिंगं बनवते. संभाजीनगरात स्क्रॅपबुकच्या कागदांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी तिला घेऊन गेले. पोरी फोटोंभोवती फुलं चिकटवत होत्या. आत्यानं तिकडं बघितलंही नाही. लाल कागदांपाशी मात्र तिचे डोळे लकाकले. एकेक कागद तिनं मायेनं कुरवाळला, मग बोट जिभेला लावून त्याचा कोपरा घासला.

"आजी, हे काय करताय?" स्टॉलवरची मुलगी ओरडली.

"खराब झाला तर इकत घेते. ओरडू नको."

सहा कागदांचा रंग बोटाला लागला. मी ओशाळून म्हणाले, "आत्या, चल आता."

"थांब गं, सोनेरी ठिपक्यांचा राहिलाय."

सातव्या कागदाला बोट स्वच्छ राहिलं. आत्यानं अख्खा गठ्ठा उचलला.

"एवढ्यावर कुणाचे फोटो लावणार, आजी?" मुलीनं विचारलं.

"फोटो एकच हाय, माझ्या लग्नातला. त्यात मीच केलेल्या बाशिंगाचा रंग घामानं नवऱ्याच्या तोंडावर ओघळलाय. लई हसले लोक. तवापासनं हा कागद हुडकतेय मी."