भांडण लागलं त्या दिवशीचा रेट

किस्से आमच्याकडे अपिलांसारखे साचतात. दाखल पटकन होतात, निकाली मात्र निघत नाहीत. टॅक्सच्या वकिलाला लग्नाकार्यात कुणी हौसेनं शेजारी बसवून घेत नाही, त्यामुळे बाररूमच्या खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही ते एकमेकांनाच ऐकवतो. टेबल तिघांचं. एक मी, साळवे वकील. दुसरा कादरी, तोही वकील, पण जीभ माझ्यापेक्षा धारदार. तिसरा मुंदडा, सीए. त्याला हायकोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून तो सगळं टेबलावरच बोलून घेतो.

आज सांगतोय ते सगळे किस्से एकाच अपिलाचे आहेत आणि प्रत्येकात हसं माझंच झालेलं आहे. मी नाही सांगितले तर कादरी तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आपलं मीच सांगतो.

*

बशीरभाई पहिल्यांदा भेटले तेव्हा मी नवाकोरा वकील होतो. मुंदडानं त्याच्या ऑफिसात कोपऱ्यातलं एक टेबल मला दिलं होतं. तिथं बसून मी दिवसभर पंख्याकडे बघायचो.

बशीरभाईंचं लासूर स्टेशनला ताडपत्री आणि सुतळीचं दुकान. विक्री लपवली असं म्हणत इन्कम टॅक्सनं त्यांना नोटीस पाठवली. ती सकाळी हातात पडली आणि दुपारी ते मुंदडाच्या दारात. मुंदडा जेवायला गेलेला. मी होतो.

"साहेब, ताडपत्री काय लपवायची चीज हाय का? घडी घातली तरी दुकान भरतंय."

आयुष्यातलं पहिलं अशील समोर बसलेलं. मी नोटीस उलटीसुलटी करून वाचली आणि केस घेतो म्हणालो. त्यांनी फी विचारली. माझ्या अंगात एकदम दानशूरपणा संचारला.

"फीचं काय घेऊन बसलात बशीरभाई. एक चहा पाजा, तीच फी."

"पक्कं?"

"पक्कं."

तेवढ्यात मुंदडा ढेकर देत आला, बोलणं हिशेबाकडं वळलं आणि चहा राहून गेला. पुढं खालच्या प्रत्येक पायरीवर बशीरभाईंनी मला रीतसर फी दिली, हेही सांगायला हवं. माणूस चोख.

*

केस वर्षानुवर्षं चालली. खाली दोन ठिकाणी आम्ही हरलो. हायकोर्टात जायची वेळ आली तोवर कोर्ट फीचा कायदाच बदललेला. आधी अशा अपिलाला ठरलेली किरकोळ फी होती, आता ती वादातल्या टॅक्सच्या प्रमाणात. रजिस्ट्रीचं, म्हणजे कोर्टाच्या कचेरीचं, म्हणणं, आज दाखल करताय ना, मग आजची फी भरा. त्याशिवाय अपिलाला नंबर नाही.

तिकडं टॅक्सच्या वसुलीसाठी दुकानाचं बँक खातं गोठवलेलं. आणि ताडपत्रीचा धंदा म्हणजे मृगाच्या आधीचे दोन महिने. तेवढ्यात माल भरला तर वर्ष निघतं, नाहीतर दुकानात बसून सुतळी मोजायची.

मुंदडानं ही अडचण टेबलावर तीन बिस्किटं मांडून समजावली. "हे खातं. हे मोकळं व्हायला हे अपील पाहिजे. अपिलाला ही फी पाहिजे. आणि फी आहे या खात्यात." मग त्यानं तिसरं बिस्कीट चहात बुडवून खाल्लं.

"आता फी कुठाय?" मी विचारलं.

"तेच तर म्हणतोय," मुंदडा तोंड पुसत म्हणाला.

*

माझा मुद्दा सरळ होता. अपिलाचा हक्क जन्मतो तो भांडण सुरू होतं त्या दिवशी, म्हणजे नोटीस आली तेव्हा. मग फीही तेव्हाचीच. नंतर वाढलेली फी मागच्या भांडणाला लावता येत नाही. हे बशीरभाईंना समजावताना मी मुद्दाम सोपा दाखला दिला.

"समजा लासूरहून तुम्ही एसटीत बसलात, तिकीट काढलं. वाटेत भाडं वाढलं. उतरताना कंडक्टर जादा पैसे मागेल का?"

बशीरभाईंनी खूप विचार केला.

"म्या रेल्वेनं येतो साहेब. पास हाय माझा."

मी कपाळाला हात लावला. पण दारापर्यंत गेलेले बशीरभाई वळले. "म्हंजे कसं, भांडण लागलं त्या दिवशीचा रेट. व्हय ना?"

"अगदी बरोबर!" मी उठून त्यांची पाठ थोपटली. तीस पानांचा माझा युक्तिवाद त्यांनी एका वाक्यात बसवला होता. तेव्हा मला त्याचा फार आनंद झाला.

*

त्या दिवसांत मी घरीही याच विषयावर बोलायचो. पडेगावच्या आमच्या घरात माझी बायको सुनंदा शेवटचा शब्द बोलते. ती शाळेत शिक्षिका आहे आणि घरीही घंटा तिचीच. एकदा जेवताना मी फोनवर कादरीशी बोलत होतो, तर तिनं जाहीर केलं, "आजपासून ताटावर मोबाईल बंद."

मी हात आडवा करून म्हणालो, "हा कॉल नियमाच्या आधी सुरू झालाय. नवा नियम याला लागू होत नाही."

तिनं माझ्यासमोरची आमटीची वाटी उचलून आत नेली.

"इथं अपील नसतं," ती आतून म्हणाली. पलीकडं कादरी अजून फोनवर होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या बाररूमला कळलं.

*

रजिस्ट्रीनं अपिलावर दोन हरकती काढल्या होत्या. पहिली, नवी फी भरली नाही. तिच्यावर मी तासभर बोलायची तयारी केली. दुसरी मी वाचलीच नव्हती. ती कादरीनं बाररूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. वकीलपत्रावर कोर्ट फीचं तिकीट नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. भर उन्हात कोट सावरत मी तिकीटवाल्याकडं पळालो. मागून कादरीचा आवाज आला, "मियाँ, जुन्या रेटचं माँगो!"

*

सुनावणीच्या दिवशी बशीरभाई मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मला खरंच भीती वाटत होती. हरलो तर माझं काय, मी पुढच्या मॅटरला उभा राहीन. त्यांचा सीझन जाईल.

कोर्ट फी राज्य सरकारची, म्हणून समोर इन्कम टॅक्सचा नाही, सरकारी वकील. आणि सरकारी वकील कोण, तर आमचा कादरी. मी तासभर बोललो. सूर चांगला लागला होता. मग कादरी उठला.

"याच मुद्द्यावर एक फार सुंदर लेखी युक्तिवाद माझ्या हाती आलाय. अपील दाखल होईल त्या दिवशीचीच फी लागते, असं त्यात ठासून मांडलंय."

न्यायमूर्तींनी विचारलं, "कुणाचा?"

"माझ्यासमोर उभ्या असलेल्या विद्वान मित्राचा."

मधली काही वर्षं मीही सरकारी वकील होतो, हे मी विसरलो होतो. कादरी विसरला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. न्यायमूर्तींनी कागद वाचला, चष्मा काढला.

"मिस्टर साळवे, तुमचं मत बदललेलं दिसतंय. हा बदल कधीपासून लागू धरायचा?"

मी गळ्यातला बँड सावरला. "पुढं लागू, माय लॉर्ड. मागं नाही."

न्यायमूर्ती हसले. कोर्ट हसलं. मागच्या बाकावर बशीरभाई तेवढे हसले नाहीत.

पण निकाल आमच्या बाजूनं लागला. भांडण सुरू झालं त्या दिवशीचीच फी. त्याच आठवड्यात अपिलाला नंबर पडला, वसुलीला स्थगिती मिळाली आणि खातं मोकळं झालं. लासूरहून बशीरभाईंचा फोन आला. मागं हमालांचा गलका चालला होता, ताडपत्रीचा ट्रक उतरत होता. ते नुसतं "साहेब, साहेब" म्हणत राहिले. माझेही डोळे भरून आले होते, पण मी टॅक्सचा वकील असल्यामुळे कुणी विश्वास ठेवणार नाही.

*

मृग लागल्यावर बशीरभाई बाररूममध्ये आले. माझ्या फीचा आकडा मी आदल्या दिवशी फोनवर सांगितला होता. हायकोर्टात जिंकलेल्या माणसाला शोभेल असाच होता. त्याच्या भरवशावर कादरीनं, हरलेला असूनही, संध्याकाळी तिघांसाठी नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, सांगून ठेवला होता.

"साहेब, तुमच्या फीचं..."

"काय घाई आहे," मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. टेबलाखालून मुंदडानं मला लाथ मारली.

"म्या लई इचार केला. भांडण लागलं त्या दिवशीचा रेट, हेच म्हणले ना जजसाहेब?"

"हो."

"नोटीस आली त्याच दिवशी आपली भेट झाली. मुंदडासाहेबांच्या हापिसात. तुम्ही म्हणले, पक्कं."

मी कादरीकडं पाहिलं. कादरी उठून उभा राहिला, कोटाची बटणं लावली आणि म्हणाला, "सरकारला यावर काही म्हणायचं नाही."

बशीरभाई स्वतः कँटीनच्या खिडकीपाशी गेले. एक चहा घेऊन आले आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला. मी सवयीनं बिस्किटाच्या बशीकडं हात नेला. त्यांनी ती हळूच स्वतःकडं ओढली.

"बिस्कुटचं त्या दिवशी बोलणं नव्हतं."