चिंध्या भावानं बांधल्या होत्या

मुलाखतीत कसं बोलावं हे मी रीतसर क्लास लावून शिकलो. धुळ्याला मामांकडे राहून तीन महिने रोज संध्याकाळी जायचो. तिथले सर भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर एकेकाला उभं करायचे. खुर्चीच्या कडेवर बसू नका, तुम्हाला कुठे पळून जायचंय? समोरच्याच्या डोळ्यांत बघा. स्वतःबद्दल सांगताना लाजू नका, तुमची लाज बघायला त्यांनी बोलावलेलं नाही. मला हे सगळं पटायचं. त्याआधी चार ठिकाणी मी मान खाली घालून बसलो होतो आणि चारही ठिकाणांहून हात हलवत परत आलो होतो.

पाचवी मुलाखत जळगावची. केळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला सुपरवायझर हवा होता. शेतकऱ्यांच्या बागा फिरायच्या आणि कुठला माल कधी कापायचा ते ठरवायचं, असं काम. जागा एकच होती आणि आमच्या घरातून अर्ज दोन गेले होते, माझा आणि माझ्या चुलतभावाचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी पदवीधर, त्याचा शेतीचा डिप्लोमा. खरं सांगायचं तर ती नोकरी त्याच्यासाठीच होती. मला केळीच्या बागेत डास चावतात एवढंच कळायचं. तो घडाकडे नुसतं बघून सांगायचा की हा अजून आठ दिवस राहू दे.

भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यानं एक उद्योग केला होता. केळी सगळी एकदम निसवत नाही, म्हणजे घड मागेपुढे बाहेर पडतात. मग कापायच्या वेळी कोवळा कोणता, तयार कोणता, यावर व्यापाऱ्याशी वाद ठरलेला. भावानं काकूच्या जुन्या साड्या फाडल्या. या आठवड्यात निसवलेल्या घडाला लाल चिंधी, पुढच्या आठवड्यातल्याला हिरवी, त्यापुढे पिवळी. आठवडे मोजायचे आणि रंग बघून कापायचं. गाव हसलं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, बागेत साड्या वाळत घातल्यात का रे? मीही हसलो होतो. पण त्या हंगामात त्याचा एकही घड कोवळा कापला गेला नाही.

मुलाखतीला आम्ही त्याच्याच मोटारसायकलवर गेलो. आत मला आधी बोलावलं. मी खुर्चीत नीट मागे टेकून बसलो, डोळ्यांत बघितलं, आवाज मोकळा ठेवला. साहेब खूश दिसत होते. मग त्यांनी विचारलं, "शेतात तुम्ही स्वतः केलेली एखादी गोष्ट सांगा. पुस्तकातली नको."

माझ्याकडे काहीच नव्हतं. आणि गप्प बसायचं नाही एवढं मी पक्कं शिकलेलो होतो. मी चिंध्या सांगितल्या. साड्या सांगितल्या, रंग सांगितले, गाव कसं हसलं तेही सांगितलं. साहेब पुढे सरकून ऐकू लागले. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मलाच सुचलं."

खोटं बोलताना माझा आवाज जसा खणखणीत लागला तसा खरं बोलताना कधीच लागला नव्हता. बाहेर आलो तेव्हा भाऊ बाकावर कागद सांभाळत बसला होता. माझ्या पाठीवर थाप मारून तो आत गेला आणि पाच मिनिटांत परत आला. "काय इचारं?" मी विचारलं. "आसंच, काहीबाही," तो म्हणाला. परत येताना पाचोऱ्याला चहाला थांबलो, तेव्हाही तो माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होता. आठवड्यानं नोकरी मला लागली. घरी पेढे वाटले, ते आणायलाही तोच गेला.

कामाला लागल्यावर मी चिंध्यांच्या जोरावर बरेच दिवस काढले. वर्षभरानं आणखी एक जागा निघाली तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. "तुमच्या भावाला पुन्हा अर्ज करायला सांगा," ते म्हणाले. "माणूस सरळ आहे. मागच्या वेळी एकच आडनाव, एकच गाव बघून मी त्याला विचारलं होतं, ते चिंध्यांचं खरं का? म्हणाला, खरं आहे साहेब, डोकं त्याचंच, मी नुसत्या बांधल्या."

माझे कान तापले. त्यानं असं का केलं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे व्यापारी बांधावर आला की घरातला पहिला माणूस जे बोलेल ते बाकीच्यांनी धरून ठेवायचं असतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आकडा चुकीचा सांगितला तरी काका मान डोलावणार. मग काय भांडायचं ते घरी गेल्यावर. परक्यासमोर आपल्या माणसाचं बोलणं कापायचं नाही. लहानपणापासून आम्ही दोघांनीही हेच पाहिलेलं. पण भाऊ घरी आल्यावरही भांडला नाही. तेवढं तरी त्यानं करायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

साहेबांना तिथल्या तिथे खरं सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "हो साहेब, सांगतो त्याला."

रविवारी गावी गेलो आणि निरोप दिला. त्याला इतका आनंद झाला की तो लगेच जेवणावरून उठला. हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसला. "मंग आते तू बोलस तसं माले शिकाड."

मी शिकवलं. अगदी मनापासून शिकवलं, हे लिहितानाही लाज वाटते. ओसरीवर खुर्ची मांडली, तिच्यात त्याला मागे टेकून बसवलं. डोळ्यांत बघ म्हटलं. तो बघायचा आणि हसायचा, काकू आतून ओरडायची की पोरगी पाहायला चाललात का रे. शर्ट कुठला घालायचा तेही ठरलं. मग त्यानं आवाज खाली आणला. "तठे इचारतीन, तुनं सोताचं काय शे. त्या चिंध्यास्नं सांगू का? का नको?"

तो माझी परवानगी मागत होता. स्वतःच्या आईच्या साड्या, स्वतःचं डोकं, स्वतःचे हात, आणि विचारत मला होता. त्या क्षणी मी फक्त 'सांग' म्हणालो असतो तरी पुरे होतं. माझी नोकरी गेली असती किंवा गेलीही नसती, साहेब तसे वाईट नव्हते. पण मला त्या केबिनमध्ये लहान होऊन उभं राहायचं नव्हतं.

"नको भाऊ," मी म्हणालो, "ते त्यास्ले माहीत शे."

"बरं," तो म्हणाला. पुढे त्यानं तो विषय काढला नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी मुद्दाम बाहेर थांबलो. तो आत गेला, ताठ बसला, डोळ्यांत बघून बोलला म्हणे. साहेबांनी त्याला तोच प्रश्न विचारला, हे त्यांनी मला दुपारी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तसं विशेष काही नाही साहेब." साहेब हळहळले. "कष्टाळू आहे, पण स्वतःचं असं काही नाही हो त्याच्याकडे." मी त्यांच्या टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिलो. जागा यावलकडच्या एका मुलाला गेली.

खाली आलो तर भाऊ मोटारसायकलपाशी उभा होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं असावं. तरी त्यानं विचारलंच, "काय चुकनं मनं?"

क्लासमधलं उत्तर जिभेवर तयार होतं.

"आत्मविश्वास कमी पडना, भाऊ."

"हां," तो म्हणाला, "माले बी तसंच वाटनं." आणि त्यानं किक मारली.