खिंडीतली अर्धी प्रदक्षिणा

आता हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. अहं, तोंडात पोहे असताना कबूल केलेलं चालत नाही. गिळा आधी. हं.

तर भिया, रस्ता सगळेच चुकतात. पण अख्खा डोंगर चुकलेला माणूस पाहिलाय का कधी? नाही ना? मग बघून घ्या नीट. हा इथे, टावर चौकात, तुमच्यासमोर बसून चहा पितोय!

मी सायकल चालवतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. रोज सकाळी माधव नगरहून नानाखेडा आणि परत. आपल्या उज्जैनमध्ये चढ म्हणजे काय, तर फ्रीगंजचा पूल! तो एका दमात चढलो की मला वाटायचं, बस, आता हिमालयच राहिला. हे मी एकदा घरी मोठ्यानं बोललो आणि नेमके तेव्हा आमचे साडू दिलीपराव इंदूरहून आलेले होते.

"मग जाऊ या की!" ते म्हणाले. "मी पण येतो."

दिलीपरावांनी नुकतीच सायकल घेतली होती आणि त्या बाबतीत ते मला गुरू मानायचे. जगात मला गुरू मानणारा तो एकच माणूस. त्याला नाही कसं म्हणणार, सांगा?

हिमाचलात, स्पितीच्या बाजूला, एक जुनी खिंड आहे. नाव सांगणार नाही, तिथे मला अजून एकदा तोंड दाखवायचंय. खालून नवा रस्ता झाल्यापासून वरच्या रस्त्यानं गाड्या जवळजवळ जातच नाहीत. सायकलवाल्याला आणखी काय पाहिजे? बेत असा ठरला की आम्ही दोघांनी खिंड चढून पलीकडच्या गावात उतरायचं आणि आमच्या सौ.नं, वृंदानं, सामान घेऊन जीपनं खालच्या रस्त्यानं तिथे पोचायचं. वर मोबाइल अजिबात चालत नाही.

निघताना वृंदानं माझं हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं. मला बीपीची गोळी चालू आहे ना!

"ऊन असेपर्यंत मला तुम्ही उतरताना दिसले पाहिजेत," ती म्हणाली. "नाही दिसलात तर मी काय समजायचं, तेवढं सांगून जा."

"अगं, तू चहा टाकून ठेव. पोचलोच समज!"

एवढ्यात जीपवाला म्हणाला, "साहब, ऊपर शिवजी का मंदिर है. चक्कर लगाके ही उतरना. बिना चक्कर लगाए यहाँ कोई नहीं उतरता."

मला हसूच आलं. म्हटलं, "भैया, हम महाकाल की नगरी से हैं. हमको सिखाओगे?"

घातली सायकल चढाला! पहिल्याच दोन वळणांत दिलीपराव मागे पडले. "तुम्ही व्हा पुढे," ते हातानं खुणावत होते, तोंडातून शब्द निघत नव्हता. माझी अवस्था काही वेगळी नव्हती, पण गुरू म्हटल्यावर थांबता येतं का? तुम्ही विचाराल, डोंगर कसे होते? मला काय माहीत! मी सगळा वेळ पुढच्या चाकाकडे बघत होतो. त्या टायरमध्ये एक पांढरा खडा अडकला होता, त्याचं वर्णन विचारा, पाहिजे तेवढं देतो.

आणि मग अचानक चढ संपला. मी मान वर केली.

अरे, काय सांगू तुम्हाला! चारी बाजूंना बर्फाची शिखरं, आणि आकाश इतकं निळं की मधूनच काळं वाटावं. आणि शांतता! आपल्याकडे शांतता म्हणजे शेजारच्यांचा मिक्सर बंद झाला, एवढंच. इथे हॉर्न नाही, माणूस नाही, पक्षीसुद्धा नाही, फक्त देवळावरच्या पताका फडफडत होत्या. मी सायकल आडवी टाकली आणि ढसाढसा रडलो. हो, रडलो! त्यात लाज कसली? एवढं मोठं काही तुमच्यासमोर उभं राहिलं ना, की आपलं बीपी, आपलं अडकलेलं प्रमोशन, सगळं एकदम फालतू वाटायला लागतं.

देऊळ छोटंसं होतं. काळ्या दगडाची पिंडी, शेजारी त्रिशूळ. समोर डोळे मिटून बसलो. किती वेळ, देव जाणे. डोळे उघडले तर ढग खाली आलेला! सगळं पांढरंफेक, सायकल हातात धरली तर पुढचं चाक दिसेना. म्हटलं चला, चक्कर पूर्ण करू आणि उतरू. वृंदा वाट बघत असेल.

सायकल हातात धरून प्रदक्षिणेला निघालो. देवळाच्या मागे गेलो तर पिंडीच्या बाजूनं पाण्याची धार निघून सरळ वाटेवरून आडवी वाहत होती.

आता तुम्हीच बोला, उज्जैनच्या माणसानं काय करावं? शंकराची जलाधारी ओलांडावी? अहो, आपल्याकडे आईचं बोट धरून देवळात गेलेलं पोरसुद्धा ओलांडत नाही! शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते, पाण्यापर्यंत जायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं. मी फिरलो. मग दुसऱ्या बाजूनं पाण्यापर्यंत गेलो, तिथूनही फिरलो. एकदम विधीपूर्वक! देवळासमोर येऊन हात जोडले आणि ढगात जो उताराचा रस्ता लागला, त्याच्यावर सायकल सोडली.

दोन वळणांत ढग वर राहिला आणि खाली दरी उघडली. भिया, मी ब्रेक लावून उभाच राहिलो. तांबडे, जांभळे, पिवळट डोंगर, एकावरही झाड नाही. तळाशी नदी, तिच्या पाण्याच्या वेगवेगळ्या वेण्या पडलेल्या. एक लहानसा ढग होता, त्याची सावली समोरच्या डोंगरावरून सावकाश चढत होती आणि मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होतो. वाटलं, देवानं हे केलं तेव्हा बघायला कोणीच नव्हतं, तरी केवढं जीव लावून केलंय!

"वा रे वा!" मी एकटाच ओरडलो. "ही बाजू त्या बाजूपेक्षा किती सुंदर आहे! तिकडे तर बघण्यासारखं काहीच नव्हतं!"

हसू नका म्हटलं ना! पुढे तर ऐका.

खाली एक मेंढपाळ भेटला. म्हणाला, "बाबूजी, आप तो सुबह ऊपर जा रहे थे?"

मला त्याची दया आली. म्हटलं, "भैया, हेल्मेट में सब एक जैसे दिखते हैं." आणि निघालो पुढे.

आणखी खाली आलो तर समोरून कोण धापा टाकत चढतंय? दिलीपराव!

"अहो दिलीपराव! उलटे कुठे निघालात?"

"उलटा? मी... खिंडीकडे..."

"खिंड मागे राहिली! मी देवळात डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा ढगातून तुम्ही पुढे निघून गेलात. आणि आता रस्ता चुकून परत चढताय!"

"पण मला मंदिर दिसलंच नाही."

"मला माझं चाक दिसत नव्हतं, तुम्हाला मंदिर काय दिसणार?"

तिथली हवा विरळ, डोकं निम्मंच चालतं. त्यात खिंड झाली म्हटल्यावर कोणाला नको असतं हो?

"तरीच!" ते म्हणाले. "मी म्हणतोय, सकाळपासून चढतोय, ही खिंड येत का नाही! वाचवलंत बरं का. नाहीतर मी पुन्हा पलीकडे उतरलो असतो."

"माझ्या मागे या," मी म्हटलं.

दोघं गाणी म्हणत गावात उतरलो. वाटाण्याची शेतं, पांढरी घरं, अगदी आम्ही रात्री मुक्काम केला त्या गावासारखं गाव. पहाडात सगळी गावं सारखीच दिसतात, असं मी दिलीपरावांना समजावलंसुद्धा. फक्त वृंदा कुठे दिसेना. जीपही नाही. एका घराच्या दारात एक बाई लोकर विणत बसली होती. मी पुढे होऊन हात जोडले.

"नमस्ते आंटी! हम उज्जैन से आए हैं. जय महाकाल!"

"मालूम है," ती म्हणाली. "सुबह पराठे खाते समय बताया था."

दिलीपरावांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मला गुरू मानणारा जगातला एकमेव माणूस त्या क्षणी कमी झाला.

मग आंटीनंच सांगितलं, पलीकडे उतरायचा रस्ता देवळामागे त्या पाण्यातूनच सुरू होतो. त्यात पाय घातल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणजे मी जिथून चढलो, हात जोडून तिथूनच परत उतरलो होतो! आणि चढताना मान वर केली असती, तर ती सगळी सुंदर दरी मी आधीच पाहिली असती.

पण हसू कुठलं येतंय! शेवटचं ऊन शिखराच्या टोकावर गेलं होतं आणि माझी बायको डोंगराच्या त्या बाजूला रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी होती. नशीब माझं, आंटीच्या घरी फोन होता आणि पलीकडच्या गावात तिची बहीण होती. तिनं धावत जाऊन वृंदाला फोनवर आणलं.

"अहो? कुठे आहात? ऊन गेलं हो!" आणि ती रडायलाच लागली.

"रडू नको गं. मी एकदम ठीक आहे. खाली उतरलोय."

"मग दिसत का नाही?"

"दुसऱ्या बाजूला उतरलोय."

"कुठल्या दुसऱ्या?"

"म्हणजे... ज्या बाजूनं चढलो, त्या."



"आणि दिलीपराव? ते तरी येतायत ना?"

"ते इथेच आहेत. येत होते, पण मी त्यांना परत आणलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. ढग, पिंडी, पाणी, जलाधारी, शास्त्र. तिनं ऐकून घेतलं. एकदा नाक ओढलं. मग अगदी गंभीर आवाजात म्हणाली,

"अहो, एक खरं सांगा. आपल्या लग्नात होमाभोवती तरी पुरते फिरला होतात ना? का धूर झाला म्हणून तिथूनही अर्ध्यातच मागे वळलात?"

मी फोन कानाला लावून खूप आठवून पाहिलं. देवाशपथ सांगतो, मला अजून खात्री नाही.